लांडग्याला ही रेकॉर्ड आवडत नाही
(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गाण्यांवर नंतर बोलू. आधी कव्हर बघा. पांढरं कव्हर. गायकाचा फोटो नाही, चित्र नाही, पुठ्ठाभर नुसती काळी ठळक अक्षरं. तीन वाक्यं. आपल्या भाषेत सांगायचं तर अशी : ही हाउलिन वुल्फची नवी रेकॉर्ड आहे. त्याला ती आवडत नाही. सुरुवातीला त्याला त्याची इलेक्ट्रिक गिटारही आवडली नव्हती.

साल १९६९. शिकागोच्या चेस कंपनीच्या कॅडेट कॉन्सेप्ट या शाखेनं ही काढली. दुकानदारच दुकानावर पाटी लावतो की ज्यानं माल बनवला त्याला माल पसंत नाही, तरी तुम्ही घ्या. ही हिंमत कुठून आली, ते बघायचंय.

हाउलिन वुल्फ म्हणजे हेल काढणारा लांडगा. खरं नाव चेस्टर आर्थर बर्नेट. जन्म १९१०, मिसिसिपी. आईनं पोरवयातच घराबाहेर काढला, ज्या नातेवाइकाकडं राहिला त्यानं मारझोड केली, तिथून पळून बापाकडं गेला. तिथं कापसाची शेतं. मालक गोरा, राबणारे काळे, आणि हिशेबाची वही मालकाच्या घरात. तिथंच चार्ली पॅटनकडून गिटार शिकला. सहा फुटांवर उंची, तीनशे पौंडांच्या घरात वजन, आणि आवाज असा की घसा खरवडून येतोय की जमिनीतून, कळू नये. १९५१ साली मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्सनं त्याला मुद्रित केलं, त्या तबकड्या चेसनं विकल्या. मग शिकागो. मिसिसिपीहून आलेले लाखो काळे मजूर ज्या शहरात कत्तलखान्यांत आणि पोलाद कारखान्यांत राबत होते, त्या शहरात.

त्याच्याबद्दलची एक गोष्ट मला त्याच्या आवाजाइतकीच मोठी वाटते. मोठेपणी तो परत शाळेत गेला. नीट लिहा-वाचायला शिकला, हिशेब शिकला. बँडमधल्या पोरांना वेळेवर पैसे द्यायचा, आणि त्यांचा सोशल सिक्युरिटीचा वाटा कापून सरकारकडं भरायचा. वही दुसऱ्याच्या हातात असली की काय होतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता १९६८. काळी पोरं ब्लूजकडं पाठ फिरवून सोल ऐकत होती. गोरी पोरं हेंड्रिक्स, क्रीम, रोलिंग स्टोन्स ऐकत होती. आणि यातल्या कितीकांनी आपलं संगीत वुल्फ नि मडी वॉटर्स यांच्याच तबकड्यांवरून उचललेलं. मालकाचा मुलगा मार्शल चेस, वय सव्वीस. त्याच्या डोक्यात आलं, म्हाताऱ्यांनाच नवीन कपडे घालू. आधी मडी वॉटर्सची ‘इलेक्ट्रिक मड’ काढली, १९६८ मध्येच. समीक्षकांनी झोडली, पण सुरुवातीला खपली. मग त्याच वाद्यवृंदासह नोव्हेंबरात वुल्फला स्टुडिओत उभा केला. गाणी त्याचीच जुनी, गाजलेली. भोवती वॉ-वॉ पेडल (मुशायऱ्यातली वा-वा नव्हे, गिटारचा सूर तोंड उघडल्या-मिटल्यासारखा बदलणारं यंत्र), फझ, बासरी, इलेक्ट्रिक सॅक्सोफोन. आणि मधे तो.

हे शहर तेव्हा कसं होतं ते ध्यानात घ्या. एप्रिलात मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंगला गोळी घातली, आणि शिकागोची वेस्ट साइड पेटली. ज्या ब्लॅक पँथरवरून आपण १९७२ साली मुंबईत नाव घेतलं, त्यांची शिकागोतली शाखा १९६८ मध्येच उभी राहिली. तिचा फ्रेड हॅम्प्टन. ४ डिसेंबर १९६९ ला पहाटे पोलिसांनी त्याला घरात घुसून मारला. वय एकवीस.

आता लगेच ‘गोऱ्या कंपनीनं काळ्या कलावंताला नासवला’ असं म्हणून टाळ्या घेऊ नका. गोष्ट एवढी सरळ नाही. स्टुडिओतली वाजवणारी पोरं बहुतेक काळीच होती, शिकागोचीच. पीट कोझी, फिल अपचर्च, लुई सॅटरफील्ड, मॉरिस जेनिंग्ज. रचना चार्ल्स स्टेपनीची, तोही काळा. ही पोरं टुकार नव्हती. कोझी पुढं माइल्स डेव्हिसबरोबर वाजवत होता. त्यांनाही आपल्या काळाचा आवाज काढायचा होता. वुल्फची आणि त्यांची ठिणगी उडाली ती बाप-लेकांसारखी. कोझीनंच पुढं सांगितलंय : म्हाताऱ्यानं त्याच्या दाढी-केसांच्या जंगलाकडं बघितलं आणि म्हणाला, ही वॉ-वॉ-बिवॉ नेऊन तळ्यात टाक, आणि जाताना वाटेत न्हाव्याकडं जा. यात राग आहे, पण तुच्छता नाही. घरातलं भांडण आहे हे.

कव्हरवरचं भांडण घरातलं नाही.

ती तीन वाक्यं परत वाचा. दुसरं खरं आहे. त्याला रेकॉर्ड आवडली नाही. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाला त्यानं तिला कुत्र्याचा गू म्हटलं. पण तिसरं? १९५१ ची ‘हाउ मेनी मोअर इयर्स’ काढून ऐका. विली जॉन्सनची इलेक्ट्रिक गिटार अशी फाटून, तडतडून वाजतेय की फझचं यंत्र बाजारात यायला अजून दहा वर्षं आहेत यावर विश्वास बसू नये. मार्शल चेस तेव्हा नऊ वर्षांचा होता. म्हणजे जो माणूस विजेवरच्या बँडचा नाईक होता, त्यालाच विजेला भ्यालेला अडाणी खेडूत ठरवलं.

दुसऱ्या वाक्यात त्याचा नकार छापला, तिसऱ्यात त्या नकाराचे दात काढले. त्याला नाही आवडत, पण त्याला काय कळतं. आधीही कळलं नव्हतं, मागून कळलं. कुणी नकार दाबतो, कुणी फाडतो. ह्यांनी तो पुठ्ठ्यावर छापून किंमत लावून विकायला ठेवला. ही युक्ती दाबण्यापेक्षा हुशार आहे. दाबलेल्या माणसाला निदान ओरडता येतं. ज्याचं ओरडणंच जाहिरात झालं, त्यानं काय करावं?

रेकॉर्ड पडली. नकारानं माल खपत नाही, असं पुढं मार्शल चेसनंच कबूल केलं. गंमत म्हणजे त्यातलं ‘ईव्हिल’ हे गाणं चाललं ते काळ्या श्रोत्यांच्या आर अँड बी यादीत, त्रेचाळिसाव्या नंबरापर्यंत. ज्या गोऱ्या पोरांसाठी हा सगळा खटाटोप, ती फिरकली नाहीत.

मग १९७० मध्ये त्याला लंडनला नेला, एरिक क्लॅप्टन आणि रोलिंग स्टोन्समधल्या दोघांबरोबर वाजवायला. त्याचा जुना गिटारवाला ह्यूबर्ट सुमलिन सोबत गेला तो क्लॅप्टनच्या आग्रहानं. ती रेकॉर्ड खपली. त्यात एका जागी वुल्फ क्लॅप्टनला गाणं कसं वाजवायचं ते समजावतोय, तो तुकडाही कंपनीनं ठेवला. शिकवणारा कोण, हे पहिल्यांदा नोंदलं गेलं. १९७४ मध्ये त्यानं आपल्या गाण्यांच्या पैशांसाठी आर्क म्युझिकवर दावा लावला. ती चेस भावांच्या भागीतली प्रकाशन कंपनी. वही त्यानं अशी मागितली.

शेवटची रेकॉर्ड १९७३ ची, ‘द बॅक डोअर वुल्फ’. किडन्या निकामी, पण भोवती स्वत:चा बँड. १० जानेवारी १९७६ ला माजी सैनिकांच्या इस्पितळात गेला.

आता पीट कोझीच्या बाजूनं एक बोलतो. ही १९६९ ची रेकॉर्ड वाईट नाही. काही जागी म्हातारा त्या गोंगाटाच्या अंगावर असा धावून जातो की अंगावर काटा येतो. पुढं हिपहॉपवाल्या पोरांनी, पब्लिक एनिमीच्या चक डीनं, ‘इलेक्ट्रिक मड’ डोक्यावर घेतली, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याला आवडते त्याला आवडू द्या. कव्हरवरचं तिसरं वाक्य मात्र खोटं ते खोटंच.

मागं मशीन लावलंय. पहिल्यांदा मेम्फिसची १९५१ ची ऐकू, मग ही. चहा आला की भांडू.