मोकळा वेळ कोणाच्या मालकीचा?
(खापा येथील तरुणांपुढील भाषण)



तरुण पिढी आपला मोकळा वेळ वाया घालवते, ही तक्रार प्रत्येक पिढीतील वडीलधाऱ्यांनी केली आहे. पूर्वी तिचा रोख पत्त्यांवर, तमाशावर आणि सिनेमावर असे. आज तो मोबाइलवर आहे. परंतु तरुणांनी काय निवडावे हे सांगण्यापूर्वी, निवडण्यासाठी त्यांच्यापुढे समाजाने काय ठेवले आहे, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

फुरसत ही कोणी दिलेली देणगी नव्हे. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना एकेकाळी आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून कामगारांना संघटित करून ती मागणी लावून धरली, तेव्हा कोठे 1890 मध्ये गिरणीमालकांनी रविवार मोकळा केला. 1948 च्या कारखाने कायद्याने कामाचा दिवस 9 तासांचा आणि आठवडा 48 तासांचा ठरविला. 2025 मध्ये मात्र महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने हाच दिवस 12 तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. मिळविलेली फुरसत राखावीही लागते, ती अशी!

कन्हान नदीकाठचे खापा हे विणकरांचे गाव. येथील नगरपालिका 1867 ची, म्हणजे नागपूरच्या एम्प्रेस मिलहून 10 वर्षांनी जुनी. गिरणीला भोंगा होता. घरातल्या हातमागाला तो नव्हता. मजुरी कापडाच्या मापाने मिळे, म्हणून जागेपणाचा प्रत्येक तास कामाचाच ठरे. बायका-मुले कांड्या भरीत, पण त्या श्रमाची वेगळी मजुरी कोणी मोजली नाही. पुढे गिरणीने आणि यंत्रमागाने हातमागाची बाजारपेठ हिरावून घेतली आणि विणकराचे हात रिकामे झाले. परंतु रिकामे हात म्हणजे फुरसत नव्हे. ज्याला उद्याच्या कामाची शाश्वती नाही, त्याच्याजवळ तास असतात, स्वास्थ्य नसते.

मुलींच्या वाट्याला तर तासही येत नाहीत. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवतात, पुरुष 88. भाऊ चौकात बसतो तेव्हा बहीण चुलीपाशी असते. तिने मोकळा वेळ कसा घालवावा, याचा उपदेश तिला कोणत्या तोंडाने करावा?

मोबाइल हा मुळात शत्रू नाही. त्यावर अभ्यास होतो, गाणेही ऐकता येते. पण त्यावरील करमणुकीच्या कंपन्यांचे उत्पन्न जाहिरातींतून येते, आणि प्रेक्षक जितका अधिक खिळून राहील तितके ते वाढते. गिरणीमालकाकडून सोडवून घेतलेला वेळ अशा रीतीने दुसऱ्या मालकाच्या हाती जातो, आणि तोही मजुरीशिवाय!

यावर उपाय उपदेशाचा नाही, व्यवस्थेचा आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, क्रीडांगणे आणि सांस्कृतिक कार्य हे नगरपालिकांचे विषय म्हणून नोंदलेले आहेत. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 पासून आहे. राष्ट्र सेवा दलाने तर 1941 पासून मुला-मुलींना एकाच शाखेत खेळविले आणि गावविले. संध्याकाळी उघडे राहणारे वाचनालय, मुलींनाही निर्धास्तपणे खेळता येईल असे दिवे असलेले मैदान, आणि घरकामात भावाचा निम्मा वाटा, या तीन गोष्टी मागण्यासाठी तरुण-तरुणींनी एकत्र आले पाहिजे. पहिल्या दोन नगरपालिकेकडे मागावयाच्या. तिसरी घरातच, आणि आजपासून.