हडसनबाईंचं माहेर कुठलं?

शेरलॉक होम्स हा इंग्रजी गोष्टींतला गुप्तहेर तुमच्यापैकी काहीजणींना मराठी भाषांतरांतून ठाऊक असेल. आज आपण बोलू या त्याच्या घरमालकिणीबद्दल, हडसनबाईंबद्दल.

लंडनच्या बेकर स्ट्रीटवर बाईंचं घर. होम्स तिथे भाड्याने राहायचा, जेवणखाणही त्यांच्याकडेच. म्हणजे घरातूनच चालवलेला त्यांचा धंदा. लेखक आर्थर कॉनन डॉयल यांनी होम्सच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा लिहिल्या. एवढ्या लिखाणात बाईंचं स्वतःचं नाव कुठेच येत नाही. हडसन हे नुसतं आडनाव. नवरा कोण, माहेर कुठलं, काही कळत नाही. १८९१ च्या एका कथेत तर जेवणाचा ट्रे आणणाऱ्या घरमालकिणीला लेखक 'टर्नरबाई' म्हणून मोकळे झालेत!

वाचकांनी माग काढलाच. १८९३ च्या एका कथेत होम्स म्हणतो, बाईंना फार पदार्थ येत नाहीत, पण न्याहारीची जाण स्कॉटिश बाईइतकी आहे. झालं, काहींनी त्यांचं माहेर स्कॉटलंड ठरवलं. पण विचार करा. 'ही भाकरी अगदी सोलापूरच्या बाईसारखी करते' असं आपण कुणाबद्दल म्हणतो? जी सोलापूरची नाही तिच्याबद्दलच ना?

दुसऱ्या एका कथेत हडसन नावाचा खलाशी आहे. त्याच्याशी नातं जोडावं, तर आडनावाशिवाय पुरावा नाही.

माहेर सापडत नाही, पण बाईंचं काम दिसतं. १९०३ च्या कथेत समोरच्या रिकाम्या घरातून मारेकरी बंदूक रोखतो. खिडकीत होम्सचा मेणाचा पुतळा ठेवलेला. तो जिवंत वाटावा म्हणून बाई दर पाव तासाने गुडघ्यांवर रांगत जाऊन त्याला फिरवतात. गोळी पुतळ्याच्या डोक्यातून आरपार जाते. ती गालिच्यावरून उचलून बाईच होम्सला देतात.

इतक्या धीराच्या बाईचं नाव लिहायचं राहूनच गेलं. आपल्या गटाच्या वहीत प्रत्येकीचं नाव असतं. पण गल्लीत अजून कितीजणी नुसत्या 'अमक्याची आई' आहेत! आज त्यातल्या एकीला विचारा, "मावशी, तुमचं नाव काय? माहेर कुठलं?" आणि सांगतील ते नीट ऐका.