मुक्तस्रोत आज्ञावलीला पहिला हातभार
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मुलांच्या शिक्षणाविषयी दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. संगणकाची पदविका घेतलेल्या आपल्या तरुणांपुढे एक जुना पेच असतो. अनुभव नाही म्हणून काम मिळत नाही आणि काम नाही म्हणून अनुभव मिळत नाही. यातून निघण्याची एक वाट आम्ही आज सांगणार आहोत. तिला कोणाची शिफारस लागत नाही.

जिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, सुधारावा व इतरांस द्यावा अशी परवान्यानेच मुभा असते, ती मुक्तस्रोत आज्ञावली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला. पुढे जगभरच्या हजारो जणांनी त्यात भर घातली. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी तेच लिनक्स आहे.

एवढ्या मोठ्या कार्यात आपल्या खेड्यातील मुलाने काय घालावे? आम्ही म्हणतो, मराठी घालावी. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द संगणकावर कित्येकदा ‘शेतकर्यांना’ असा उमटतो. ‘दऱ्या’ डोंगरात असतात आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यांना’ द्यावयाची स्वयंपाकाची वर्दी ‘आचार्यांना’ गेली, तर पंगत उपाशी राहावयाची! युनिकोडच्या योजनेत या अर्ध्या र-साठी नुक्त्याचा ऱ वापरावा लागतो. साधा र योजला की रफार माथ्यावर चढतो. परभाषी तज्ज्ञास ही चूक दिसणार नाही. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलीस ती चटकन दिसेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. परंतु यंत्रातील अक्षर दर्जाने सुधारत नाही, ते कोणीतरी बसून सुधारावे लागते. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांच्या मराठी रूपांतरात स्वयंसेवकांस मुक्त प्रवेश आहे.

कामाचा सर्वसाधारण क्रम असा. आपण स्वतः वापरतो तीच आज्ञावली निवडावी. तिचे नियमपत्रक व परवाना वाचावा. आपणांस दिसलेला दोष आधीच नोंदला गेला आहे काय, हे पाहावे, नसल्यास नोंदवावा. मग गिट या साधनाने स्वतंत्र प्रत घेऊन एकच लहान बदल करावा आणि काय बदलले व का बदलले, हे दोन वाक्यांत लिहून तो सांभाळकर्त्यांकडे पाठवावा. ते तो तपासतात, शंका विचारतात, प्रसंगी परतही करतात. बदल परत आला तर त्यात अपमान मानू नये. ती विनामूल्य शिकवणी समजावी. बदल स्वीकारला गेला, की कर्त्याचे नाव तारखेसह त्या आज्ञावलीच्या इतिहासात राहते आणि नोकरी देणारा ते पाहू शकतो.

मात्र हातभार खराच असावा. २०२० साली हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात टी-शर्टाच्या लोभाने अनेकांनी निरर्थक बदलांचा पाऊस पाडला आणि सांभाळकर्ते त्रस्त झाले. यंत्राने केलेले भाषांतर न वाचता पाठविणे हाही त्यातलाच प्रकार होय.

तेथे तपासणारा आपले गाव वा ज्ञाती विचारीत नाही, बदल बरोबर आहे काय एवढेच पाहतो. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही. आपली मुले अशा ठिकाणी उभी राहावीत, यासाठीच तर संस्था असते. पालकांनी या बिनपगारी कामास रिकामटेकडेपणा म्हणू नये. मंडळानेही गुणगौरवाच्या यादीत परीक्षेच्या टक्क्यांबरोबर असा स्वीकारला गेलेला बदल मोजावा, अशी आमची सूचना आहे.

नीरा डाव्या कालव्याच्या चारीवर ज्यांची शेती आहे, त्यांना अधिक सांगणे नको. वरच्यांनी आपल्या बांधापुढील गवत काढले, तरच शेवटच्या शेताला पाणी पोचते. मुक्तस्रोताचा पाट कितीही उपसला तरी आटत नाही. गवत मात्र तेथेही वाढते. आपल्या वाट्याचे तेवढे आपल्या मुलामुलींनी काढावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.