पंढरपूरचे महाद्वार आणि स्पर्शाचा अधिकार

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे वैशिष्ट्य असे की, तेथे सामान्य भाविकालाही गाभाऱ्यात जाऊन मूर्तीच्या पायांवर डोके टेकता येते. या दर्शनाला ‘पदस्पर्शदर्शन’ म्हणतात आणि थोड्या अंतरावरून घेतल्या जाणाऱ्या ‘मुखदर्शना’पेक्षा ते वेगळे मानले जाते. वारकरी संप्रदायात, म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घालून आषाढी-कार्तिकीला पायी पंढरीस जाणाऱ्या भक्तांच्या परंपरेत, हा स्पर्श देवापाशीच थांबत नाही. दिंडीत भेटलेले दोन वारकरी वय, जात किंवा विद्या न विचारता एकमेकांच्या पाया पडतात, परस्परांना ‘माउली’ म्हणतात, आणि आषाढी पौर्णिमेला गोपाळपूर येथे काला होतो तेव्हा लाह्या-दह्याचा तो प्रसाद एकमेकांच्या मुखी घालतात. जेथे करुणा अशी हातापायांनी आचरली जाते, तेथेच काही भक्तांना शतकानुशतके दाराबाहेर उभे राहावे लागले, ही गोष्ट म्हणूनच इतर कोणत्याही क्षेत्रापेक्षा पंढरपुरात अधिक बोचते.

मंदिराच्या महाद्वारातील पहिली पायरी ‘नामदेव पायरी’ या नावाने ओळखली जाते. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी, या इच्छेने जातीने शिंपी असलेल्या नामदेवांनी येथे समाधी घेतली, अशी परंपरा आहे, आणि त्या पायरीवर पाय न ठेवता, तिला हात लावून पुढे जाण्याचा प्रघात आजही पाळला जातो. तिच्यासमोर चोखामेळ्याची समाधी आहे. चोखोबा हे चौदाव्या शतकातील संत. मंगळवेढ्यात राहणारे आणि महार जातीचे असल्याने मंदिरप्रवेशास अपात्र ठरवलेले. शके 1260 मध्ये, म्हणजे इ.स. 1338 मध्ये, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही त्याखाली गाडले गेले. संतचरित्रे सांगतात की, नामदेव तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटत होता त्या त्यांनी वेचल्या आणि पंढरपुरास आणून महाद्वारी पुरल्या.

ही कथा सहसा नामदेवांच्या प्रेमाची साक्ष म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. जातीच्या उतरंडीत वर असलेल्या संताने एका महार मित्राच्या अस्थी स्वहस्ते वेचणे ही त्या काळाच्या मानाने लहान गोष्ट नव्हती. तथापि ज्या जागी जिवंत चोखोबांना थांबवले गेले, तीच जागा मरणोत्तर त्यांच्या सन्मानाची ठरली, हेही नजरेआड करता येत नाही. संप्रदायाने त्यांना आपल्या संतमालिकेत घेतले; दार मात्र उघडले नाही. हा विसंवाद सर्वांत आधी ओळखला तो चोखोबांच्याच घराने. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा या सर्वांच्या नावे अभंग आहेत. विटाळ देहाबरोबरच जन्मतो, तर मग विटाळावाचून असलेला देह कोणाचा, असे सोयराबाई विचारते, आणि कर्ममेळा तर आपल्याला हीन कुळात घालणाऱ्या देवालाच जाब विचारतो. कीर्तनांत चोखोबांच्या नम्रतेला जेवढी जागा मिळते तेवढी या मुलाच्या संतापाला मिळत नाही. कदाचित दयेची कथा ऐकायला सोपी आणि हक्काची मागणी अवघड असते म्हणून.

संप्रदायाची कूस मात्र विस्तीर्ण होती, यात शंका नाही. गणिकेच्या पोटी जन्मलेल्या कान्होपात्रेची समाधी खुद्द मंदिराच्या आवारात आहे. ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद संतांत गणले जातात. आणि देहूहून निघणाऱ्या तुकोबांच्या पालखीची वाटेवरील पहिली आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते. परंतु एकत्र गाणे आणि एकत्र जेवणे यांत अंतर राहिलेच. वारीत स्वतः चाललेल्या इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात दिंडीतील जातवार पंक्तींचे हे चित्र स्पष्टपणे नोंदवले आहे.

दार उघडण्यासाठी अखेर साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. 1947 च्या आरंभी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या मंदिरप्रवेशासाठी लोकमत जागे केले आणि 1 मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. सुमारे दहा दिवसांनी प्रवेशाची हमी मिळाल्यावर ते सुटले. गुरुजींनी याचना शासनाकडे न करता वारकऱ्यांच्या आणि पुजाऱ्यांच्या सद्सद्विवेकाकडे केली, हे या सत्याग्रहाचे मर्म होते. त्यांना दार मोडायचे नव्हते, ते आतून उघडावे अशी त्यांची इच्छा होती. सर्वांची मने त्यामुळे पालटली असे नाही. हरिजनांचा प्रवेश होण्यापूर्वी मूर्तीतील तेज काढून पाण्याच्या घागरीत ठेवण्यात आले, असे सांगितले जाते. ज्या देवाने भक्तासाठी युगानुयुगे विटेवर उभे राहणे पत्करले, त्याचे तेज भक्ताच्याच स्पर्शाने मावळेल, ही कल्पना करणाऱ्यांना त्या देवाची कथा कितपत उमगली होती, हा प्रश्नच आहे.

प्रवेशानंतर उरला तो पूजेचा अधिकार. विठ्ठलाची सेवा बडव्यांकडे आणि रुक्मिणीची उत्पातांकडे वंशपरंपरेने होती. राज्याने 1973 साली पंढरपूर मंदिरे अधिनियम करून हे हक्क संपवले, परंतु त्यावरील न्यायालयीन वाद चार दशके चालला आणि जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिटला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या उमेदवारांकडून, स्त्रियांकडूनही, अर्ज मागवले.