भाड्याची खोली आणि एकटी बाई

मैत्रिणींनो, साताऱ्यात असो की सांगलीच्या विश्रामबागेत, खोली बघायला गेलेल्या बाईला आधी विचारतात, "मिस्टर काय करतात?" नवऱ्यानं टाकलेली आहे म्हटलं की खोली 'कालच गेलेली' असते. दलित, मुसलमान बाईला तर आडनावावरच उत्तर मिळतं.

आपल्याकडं ही लढाई जुनी आहे. १९८०च्या दशकात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतल्या परित्यक्ता बायांनी स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड आणि जागा मागितली.

खोली मिळाल्यावर मात्र कायदा हाताशी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. "अकरा महिन्यांचाच तर आहे, नोंदणी कशाला?" हे आपल्या राज्यात चालत नाही. करार नोंदवला नसेल, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. भाड्याची पावती मागा, ती द्यावीच लागते. खोली सोडावी म्हणून पाणी, वीज तोडणं कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे.

पण दारच उघडलं नाही तर? तिथं हा कायदा गप्प आहे. एकट्या बाईला खोली द्याच, असं तो कुणाला सांगत नाही. तिथं आपणच लागतो. इथं बसलेल्या कितीजणींची वरची खोली भाड्यानं असते? बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. काही न विचारता खोली देणाऱ्यांची नावं जाताना तीत लिहा, आधी स्वतःचं.