विमाव्यवसायाचे भांडवल
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात कन्नड येथे केलेले भाषण)



तरुणांच्या उद्योगाविषयी चार शब्द बोलण्याची मंडळाने आम्हांस आज्ञा केली, त्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषय विस्तृत आहे. म्हणून एकच व्यवसाय आणि त्याचीही एकच बाजू आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत. व्यवसाय आयुर्विमा प्रतिनिधीचा, आणि बाजू त्यात पडण्यापूर्वी घरी करावयाच्या आर्थिक तयारीची.

आयुर्विम्याचे काम महाराष्ट्रास परके नाही. सातारा येथे अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी स्थापिली. पुढे १९ जानेवारी १९५६ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून हा व्यवसाय आपल्या हाती घेतला. त्या वेळी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले आणि २४५ लहानमोठ्या विमासंस्था त्यात विलीन झाल्या. सन २००० नंतर खाजगी कंपन्यांनाही दार उघडले. ह्या साऱ्या वाटचालीत एक गोष्ट मात्र बदलली नाही: विमा लोकांच्या घरापर्यंत नेणारा माणूस हा बहुधा त्यांच्याच गावचा, त्यांच्याच नात्यागोत्यातला असतो.

प्रतिनिधी होण्यास वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, दहावी उत्तीर्ण असावे लागते, ठरलेले प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. दुकान नको, गोदाम नको, माल नको. म्हणून ह्यास बिनभांडवली धंदा म्हणण्याची रीत पडली आहे. आमच्या मते हा शब्दच तरुणांची दिशाभूल करणारा आहे. भांडवल येथेही लागते. ते दुकानात न लागता घराच्या कोठीत लागते, एवढाच फरक.

आपण साधा हिशेब मांडू. दलालीचे दर कंपनीगणिक व योजनेगणिक निराळे असतात. हिशेबापुरते असे धरू की पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर शेकडा २० आणि पुढील वर्षांच्या हप्त्यांवर शेकडा ५ मिळतात. एखाद्या होतकरू मुलाने महिन्यास दोन पॉलिसी मिळविल्या आणि प्रत्येकीचा वार्षिक हप्ता १५,००० रुपये असला, तर वर्षाच्या २४ पॉलिसींची दलाली ७२,००० रुपये होईल. त्याच्या घराचा खर्च काटकसरीने महिना १८,००० धरला तरी वर्षाचा २,१६,००० होतो. त्यात पेट्रोल, फोन आणि येण्याजाण्याचे महिना २,००० मिळवा. म्हणजे पहिल्याच वर्षी १,६८,००० रुपयांची तूट आली. दुसऱ्या वर्षी तितकेच नवे काम झाले आणि जुन्या सर्व पॉलिसी टिकल्या, तरी १८,००० रुपयांचीच भर पडते. परंतु धीर धरणाऱ्याचे चित्र पुढे पालटते. पाचव्या वर्षी मागील ९६ पॉलिसी चालू असल्या, तर त्यांची दलाली ७२,००० रुपये, म्हणजे त्या वर्षीच्या नव्या कामाइतकीच, होते. तेव्हा हे बी पेरून लगेच कापावयाचे पीक नाही. ही आंब्याची लागवड आहे, आणि झाड फळावर येईपर्यंत माळ्याच्या घरी दाणागोटा असावा लागतो.

आपल्या तालुक्यात ह्या हिशेबास आणखी एक गाठ आहे. पिशोर, चिंचोली, नागद अशा गावांतील विमेदार हा मुख्यतः कापूस, मका आणि आले पिकविणारा. त्याच्या हाती पैसा येतो तो दिवाळीच्या सुमारास आणि त्यानंतर; पेरणीच्या दिवसांत बी-खतापुढे त्यास हप्ता सुचत नाही. सबब येथील प्रतिनिधीची मिळकतही जूनपासून दसऱ्यापर्यंत आटलेली राहणार. शिवाय पाऊस हुकला की नवा विमा तर राहोच, जुना हप्ताही थकतो. वार्षिक हप्त्यास ३० दिवसांची सवलत असते. ती उलटली की पॉलिसी बंद पडते आणि तिच्याबरोबर प्रतिनिधीची पुढची दलालीही. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे, २०१२-१३ चा तरुणांनीही पाहिला आहे. शहरातील प्रतिनिधीने सहा महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवला तर कदाचित चालेल. कन्नडच्या मुलाने एक पूर्ण हंगाम, म्हणजे निदान एका वर्षाचा घरखर्च, बाजूस ठेवल्याशिवाय चालता उद्योग सोडू नये.

ज्यास एवढी शिल्लक नाही त्याने काय करावे? शेती, दुकान किंवा शिकवणी चालू ठेवून ह्या कामास आरंभ करावा. भगिनींसाठी महामंडळाने ९ डिसेंबर २०२४ पासून विमासखी योजना सुरू केली. तीत दहावी उत्तीर्ण स्त्रियांस दलालीखेरीज पहिल्या वर्षी महिना ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन ठेवले आहे. तिन्ही वर्षांची बेरीज २,१६,००० होते, म्हणजे वरच्या उदाहरणातील घराचा अवघ्या एका वर्षाचा खर्च. त्यासही कामाच्या अटी आहेत; वर्षास २४ जणांचे विमे उतरविले पाहिजेत, आणि मिळविलेल्या पॉलिसी बहुतांशी टिकल्या तरच पुढील वर्षांचे वेतन मिळते. ह्या योजनेचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु तेवढ्यावर संसार टाकू नये.

शिल्लकीखेरीज आणखी तीन गोष्टी आधी कराव्यात. पहिली, व्याजाचे कर्ज फेडावे. ज्याच्या दारी दर महिन्यास वसुलीदार उभा आहे, त्यास दुसऱ्याच्या भविष्याचा शांतपणे विचार करता येत नाही. दुसरी, स्वतःचा आयुर्विमा व कुटुंबाचा आरोग्यविमा उतरवावा. स्वतः छत्रीवाचून भिजणाऱ्याने छत्र्या विकू नयेत. तिसरी, धंद्याचे बँकखाते वेगळे ठेवावे आणि विमेदाराच्या हप्त्याचा पैसा एक रात्रही आपल्या घरात राहू देऊ नये; त्याने तो स्वतः भरावा हेच उत्तम.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ही तयारी केवळ त्या तरुणाच्या सोयीसाठी आहे असे कोणी समजू नये. ज्याची चूल आजच्या दलालीवर पेटते, तो समोरच्या माणसाची गरज पाहत नाही, हप्त्याचा आकडा पाहतो. दोन लेकरांच्या शेतकरी बापास थोडक्या हप्त्यात मोठे संरक्षण देणारा शुद्ध मुदतीचा विमा हवा असतो. परंतु त्यात दलाली थोडी, म्हणून त्याच्या गळ्यात न झेपणाऱ्या हप्त्याची बचत-योजना पडते. दुसऱ्या हंगामास ती बंद पडते, आणि ऐन संकटात विधवेच्या हाती काही येत नाही. नवा प्रतिनिधी पहिल्याने कोणाकडे जातो? मामाकडे, आत्याकडे, चुलत्यांकडे, ह्या मंडळाच्या यादीतील घरांकडे. त्याची उपासमार अशा रीतीने आपल्याच आप्तांना भोवते, आणि नात्यातील विश्वास एकदा सरला की तो कोणत्याही बँकेत कर्जाऊ मिळत नाही. पोट रिकामे असता सचोटी राखणारे असतात. परंतु समाजाने आपल्या मुलांची तशी परीक्षा पाहू नये.

जाता जाता ज्येष्ठांसही एक विनंती. ‘पहिल्या हप्त्यातील तुझी दलाली आम्हांस सोड, तरच विमा घेतो,’ असे आपल्याच भाच्यास सांगण्याची प्रथा आहे. १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ४१ अशी सूट देण्यास आणि घेण्यासही मनाई करते, आणि त्याबद्दलचा दंड दहा लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी, त्या चार पैशांवर त्या मुलाचे पहिले वर्ष उभे असते. ते आपण काढून घ्यावयाचे आणि मग तो टिकला नाही म्हणून नावे ठेवावयाची, हे न्यायाचे नव्हे.

आमची मंडळास सूचना अशी आहे. उच्च शिक्षणास जशी आपण परतफेडीची शिष्यवृत्ती देतो, तशीच ह्या व्यवसायात उतरणाऱ्या एकदोन होतकरू तरुण-तरुणींस पहिल्या वर्षापुरते बिनव्याजी साहाय्य द्यावे; मात्र त्यापूर्वी त्यांच्याकडून घरखर्चाचा बारा महिन्यांचा लेखी अंदाज मागावा. जो तो प्रामाणिकपणे मांडू शकेल, तोच उद्या दुसऱ्याच्या घराचा हिशेब नीट समजावून सांगेल.