काजू निवडणारा कॅमेरा आणि किलोमागची मजुरी

आजचा भाग शिरोड्यातून. विषय आहे एआय. थांबा, लगेच स्क्रोल करू नका! 'जग बदलणार, नोकऱ्या जाणार' हे भाषण तुम्ही पन्नास रील्समध्ये ऐकलंय, ते मी परत देत नाही. आज बोलायचंय काजूबद्दल.

निमित्त आपल्या जिल्ह्याचंच. २०२५ मध्ये सिंधुदुर्ग 'देशातला पहिला एआय जिल्हा' म्हणून बातम्यांत आला. 'मार्व्हल' नावाची राज्य सरकारची कंपनी आहे, २०२४ मध्ये मुख्यतः पोलीस तपासासाठी सुरू झालेली. तिच्या मदतीनं सरकारी खात्यांत एआय आणायचं ठरलं. चांगलंय. ऑफिसात फाईल लवकर हलली तर कुणाला नकोय? पण वेंगुर्ला तालुक्यात सरकारी टेबलापेक्षा कितीतरी जास्त हात काजूवर चालतात. तिथं काय होतंय ते बघूया.

आधी थोडं काम समजून घेऊ, कारण आपल्यातले बरेच जण काजू फक्त खातात. बी उन्हात वाळवायची, वाफवायची, गार झाली की कटरवर एकेक फोडायची. टरफलात जे तेल असतं ते कातडीला लागलं की भाजल्यासारखं होतं. मग गर ड्रायरमध्ये सुकवायचा, वरची लालसर साल काढायची आणि शेवटी निवड. सगळा पैसा या शेवटच्या टप्प्यावर ठरतो. पाकिटावर 'डब्ल्यू ३२०' असं लिहिलेलं बघितलंय? म्हणजे एका पौंडात, साधारण ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे पांढरे गर. 'डब्ल्यू १८०' म्हणजे १७० ते १८०. आकडा जितका लहान, तितका गर मोठा आणि भाव जास्त. त्याखाली करपट, डागाळ, मग पाकळी, मग तुकडा. आपल्या वेंगुर्ला फळ संशोधन केंद्राची वेंगुर्ला-७ ही जात लोकांना आवडते ती याचसाठी. तिची एक बी सरासरी १० ग्रॅमची असते आणि त्यात जवळपास ३० टक्के गर निघतो.

आता एक हिशोब करा, मोबाईल हातात आहेच. ३२० नंबरच्या एका किलोत साधारण ७०० गर. शंभर किलोत ७० हजार. एका बाईनं एका सेकंदाला एक गर बघितला, तोही दोन्ही बाजूंनी, तर सलग एकोणीस तासांहून जास्त वेळ लागतो. चहा नाही, पाठ टेकणं नाही, शेजारणीशी एक शब्द नाही. म्हणजे हे दोन-तीन दिवसांचं काम झालं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता डोळे पहिल्या दिवशी सकाळी होते तसे नसतात.

इथं कॅमेरा येतो. सॉर्टर मशीनमध्ये वरून गर ओततात, थरथरणाऱ्या ताटलीवरून ते एकेक होऊन घसरतात. खाली पडता पडता कॅमेरे त्यांचा फोटो घेतात आणि नको असलेल्या गरावर हवेचा बारीक झोत बसतो, 'फट्ट'! तो बाजूच्या कप्प्यात जातो. डोळ्याची पापणी लवायच्या आत. हे मशीन तसं नवीन नाही. तांदूळ-डाळीच्या गिरण्यांत कलर सॉर्टर बरीच वर्षं आहेत. पण जुन्याला फक्त रंगाचा आकडा कळायचा, अमुकपेक्षा काळं दिसलं की बाहेर. नव्याला चांगल्या आणि वाईट गरांचे हजारो फोटो दाखवून शिकवलेलं असतं. त्यामुळे कीड लागल्याचं भोक, चिकटून राहिलेली साल, कोपरा तुटलेला गर यांतला फरक त्याला करता येतो. एआय म्हणतात ते हे.

मग प्रश्न येतो, त्याला शिकवलं कुणी? या मशीनचा मोठा धंदा चीनच्या हेफेई शहरात आहे. अख्ख्या काजूगराच्या निर्यातीत व्हिएतनाम आज जगात पुढे आहे, एकेकाळी तो मान आपला होता, आणि यंत्रं हे त्यातलं एक मोठं कारण. तर मशीनला 'चांगला काजू' कुठला ते आधीच सांगून पाठवलेलं असतं. पांढरा, स्वच्छ, साल नसलेला. आता मालवण-वेंगुर्ल्याच्या दुकानात पर्यटक काय मागतो? सालीचा काजू! मीठ लावलेला, लालसर साल तशीच ठेवलेला. मशीनच्या हिशोबात ती साल म्हणजे डाग. त्याला नीट शिकवलं नाही, तर आपला सगळ्यात लाडका माल ते उचलून रिजेक्टच्या कप्प्यात टाकणार. शिकवणार कोण? जिनं वीस वर्षं हाच गर बोटांत फिरवला तीच. नमुने तीच वेगळे काढून देणार, 'हा घे, हा नको' असं तीच सांगणार. तिच्या डोळ्याची हुशारी मशीनमध्ये जाते आणि त्याचे वेगळे पैसे तिला कुणी देत नाही. मला हे खटकतं, सरळ सांगते.

पण त्याहून मोठी गोष्ट मजुरीची. निवडायचं काम बऱ्याच ठिकाणी किलोवर असतं. समजा, मशीन आलं आणि त्यानं शंभरातले ऐंशी किलो सोपे गर परस्पर निवडले. उरले वीस किलो. हे वीस किलो म्हणजे ज्यांच्यावर मशीनचाच निर्णय होईना असे गर. हलकासा डाग, अर्धी साल, केसाएवढी भेग. पूर्वी सोप्या-कठीण मालाची सरासरी पडायची, म्हणून बाईचं दिवसाचं भागायचं. आता तिच्यापुढे नुसता कठीण माल. तेवढ्याच तासांत किलो कमी होणार, आणि दर जुनाच राहिला तर संध्याकाळी हातात पैसे कमी येणार. कारखान्याची कार्यक्षमता वाढली, बाईची 'कमी झाली'. वहीत तसंच दिसतं ना! ती आळशी झाली असं कुणी म्हणायच्या आधी दर बदलायला हवा. उरलेल्या मालाला वेगळा दर, किंवा सरळ दिवसाची मजुरी. कारखाने बंद पडावेत असं माझं म्हणणं नाही. हाताने निवडलेल्या मालात चूक राहिली की व्यापारी अख्ख्या लॉटचा भाव पाडतो, हेही तितकंच खरं आहे, आणि आपले बरेच कारखाने घराच्या मागच्या पडवीत चालणारे आहेत.

दुसऱ्या धंद्यांत काय चाललंय? बारामतीचा उसाचा प्रयोग तुम्ही ऐकला असेल, ॲग्रीकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट आणि मायक्रोसॉफ्टचा. उपग्रह, शेतातले सेन्सर आणि हवामानाची माहिती एकत्र करून मोबाईलवर सल्ला, आज पाणी द्या, आज नको. राज्यानं २०२५ मध्ये शेतीसाठी वेगळं एआय धोरणही केलं, पाचशे कोटींचं. आणि आपल्या समुद्रात? हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाण्याचं तापमान आणि उपग्रहाला दिसणारा हिरवा रंग यावरून मासळी कुठे असू शकेल ते मच्छीमारांना कळवते. उपयोगी आहे, पण प्रत्येक उपग्रहाच्या फोटोला एआय म्हणायची घाई नको. हल्ली पंख्याच्या खोक्यावरही एआय लिहिलेलं असतं. आपल्या शिरोड्याच्या मिठागरात मात्र अजून ऊन आणि वाराच मालक आहेत.

तर कुणाच्या घरचा काजूचा धंदा असेल आणि मशीनवाला दारात येणार असेल, तर त्याच्या मोबाईलमधला व्हिडिओ बघून ॲडव्हान्स देऊ नका. आपला माल घेऊन डेमोला जा, सालीचा, डागाळ, पावसाळ्यात दमट झालेला, सगळा. पांढरा म्हणून काढलेल्या कप्प्यातून एक किलो घ्या आणि आपल्याच जुन्या निवडणारीला तपासायला बसवा. रिजेक्टच्या कप्प्यातलाही एक किलो बघा, चांगला माल किती वाया जातोय ते तिथं कळतं. हवेचा झोत म्हणजे कॉम्प्रेसर, आणि कॉम्प्रेसर म्हणजे वीज. जून-जुलैत आपल्याकडे लाईटचं काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. आणि दर ठरवायला मशीन बसायची वाट बघू नका, त्याच दिवशी बायकांना बोलवून बसा.

पुढच्या भागात हापूसचा साका. बाहेरून सोन्यासारखा आंबा, कापला की आत पांढरट स्पंज. साध्या कॅमेऱ्याला तो दिसत नाही, म्हणून क्ष-किरण लावून बघायचे प्रयोग शास्त्रज्ञांनी केलेत. त्याबद्दल बोलू. तुमच्या घरी काजू कोण निवडतं आणि किलोला काय मिळतं, तेवढं मला व्हॉइस मेसेजवर सांगा. मालवणीत सांगलात तरी चलात.